कॅबिनेटच्या पंख्यांवरचे आकडे आले कुठून?

कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत असेंबल्ड पीसीचं कोटेशन मागितलं, की प्रोसेसर, मदरबोर्ड, एसएसडी अशा प्रत्येक वस्तूपुढे मॉडेल नंबर लिहिलेला असतो. पंख्यांच्या ओळीत मात्र बऱ्याचदा नुसतं ‘आरजीबी फॅन, ४ नग’, म्हणजे रंगीत दिव्यांचे चार पंखे, एवढंच असतं. पंख्याच्या खोक्यावर आरपीएम (मिनिटाला फेरे), सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा हलते), डेसिबल (आवाज), एमएम एच-टू-ओ (हवेचा दाब) असे चार-पाच आकडे छापलेले असतात, ते गिऱ्हाईक वाचत नाही आणि विकणाराही सांगत नाही. यातला एकेक आकडा कुठल्या ना कुठल्या जुन्या अडचणीतून जन्माला आलाय. ती अडचण कळली, की निवड आपोआप सोपी होते.

संगणकात पंखा असावा की नसावा, यावरच सुरुवातीला दुमत होतं. १९७७ च्या ॲपल टूमध्ये पंखा नव्हता. स्टीव्ह जॉब्जला त्याची घरघर नको होती, म्हणून रॉड होल्ट या अभियंत्याने कमी तापणारा स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा तयार केला. तोच हट्ट १९८० च्या ॲपल थ्रीमध्ये अंगाशी आला आणि यंत्रं तापून बिघडायला लागली. आयबीएमने १९८१ मध्ये पीसी काढताना पंखा ठेवला, पण एकच, तोही एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यात. तो डबा ६३.५ वॉटचा होता आणि ८०८८ प्रोसेसरवर साधा हीटसिंकही (उष्णता ओढून घेणारा धातूचा पात्यांचा ठोकळा) नव्हता. एसएमपीएसचा पंखा आतली गरम हवा मागून बाहेर फेकायचा, तेवढं पुरायचं.

प्रोसेसरच्या डोक्यावर स्वतंत्र पंखा बसायला लागला तो १९९२ च्या ४८६ डीएक्स-टू आणि १९९३ च्या पेंटियमच्या काळात. पहिला पेंटियम १५ वॉटच्या आसपास तापायचा. आज हा आकडा किरकोळ वाटतो, पण तेव्हा तो नुसत्या हीटसिंकला झेपेना. हे पंखे चिमुकले आणि बुश बेअरिंगचे. उद्यमनगरातल्या कुठल्याही फिटरला बुशचा स्वभाव माहीत असतो: तेल आहे तोवर गुळगुळीत, तेल संपलं की खरखर. दुरुस्तीवाले पंख्याचं स्टिकर अर्धं सोलायचे, खालचं रबरी बूच काढायचे, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचे आणि स्टिकर परत दाबून बसवायचे. काही महिने निघायचे. पंखा आडवा बसवला तर बुशमधलं तेल लवकर सुटतं, म्हणून कॅबिनेटच्या छतात आजही बुशचा पंखा लावू नये. तिथे बॉल बेअरिंग किंवा फ्लुइड बेअरिंगचाच घ्यावा.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही मदरबोर्ड आणि कॅबिनेटची रचना आणली. आजचं आपलं कॅबिनेट मुळात तिचंच. गंमत म्हणजे मूळ कल्पनेत एसएमपीएसचा पंखा उलटा होता, बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडणारा. म्हणजे प्रोसेसरला मिळायची ती आधीच एसएमपीएसने तापवलेली हवा. ती चूक लवकरच लक्षात आली, पंख्याचं तोंड पुन्हा बाहेर वळलं आणि पुढून थंड हवा आत, मागून गरम हवा बाहेर हा रिवाज पक्का झाला.

खरा राडा झाला तो २००० ते २००६ या काळात. गिगाहर्ट्झच्या शर्यतीत एएमडी आणि इंटेल दोघांनी उष्णतेकडे काणाडोळा केला. सुरुवातीच्या ॲथलॉनमध्ये तापमान ओळखून स्वतःला थांबवायची सोयच नव्हती. चालू मशीनवरचा हीटसिंक निखळला तर चिप काही सेकंदांत खलास, कोल्हापुरी भाषेत जाळ आणि धूर संगटच. इंटेलचा प्रेस्कॉट पेंटियम फोर फेब्रुवारी २००४ मध्ये आला आणि त्याची वेगवान मॉडेल्स १०० वॉटच्या वर गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा बेत सोडून दिला. ग्राफिक्स कार्डांचीही तीच गत. २००३ च्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्राच्या आवाजावर इतके विनोद झाले, की शेवटी एनव्हिडियाने स्वतःच त्याची टिंगल करणारा व्हिडिओ काढला.

या काळात कॅबिनेटचा पंखा होता ८० मिलिमीटरचा. हवा कमी पडली की एकच उपाय, वेग वाढवा. इथे गणित आडवं येतं. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट होते, दाब चौपट होतो, वीज आठपट लागते आणि आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो. याउलट तेवढ्याच आवाजाचा दुसरा पंखा शेजारी लावला, तर एकूण आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. त्यामुळे एक पंखा जोरात पळवण्यापेक्षा दोन निम्म्या वेगाने फिरवणं कधीही शहाणपणाचं. त्याहून बरं म्हणजे पंखाच मोठा घेणं. १२० मिलिमीटरच्या चौकटीचं क्षेत्रफळ ८० च्या सव्वादोन पट असतं. २००५ मध्ये अँटेकच्या पी-१८० सारखी कॅबिनेटं आली, १२० चे पंखे आणि खाली वेगळ्या कप्प्यात एसएमपीएस घेऊन, आणि ८० चा जमाना मागे पडत गेला. १२० च्या पंख्याचं स्क्रूंमधलं १०५ मिलिमीटरचं अंतर आणि २५ मिलिमीटर जाडी आजही तीच आहे, म्हणून जुन्या कॅबिनेटात नवा पंखा बिनदिक्कत बसतो.

इंटेलने त्याच सुमारास उष्णतेसाठी बीटीएक्स नावाची नवी रचनाही आणली होती. ती चालली नाही. २००६ मध्ये ६५ वॉटचा कोअर टू ड्युओ आला आणि तिची गरजच संपली. त्या धामधुमीतून टिकलेली गोष्ट म्हणजे चार पिनांचा पंखा. त्याआधी पंखा हळू करायचा तर हौशी मंडळी एसएमपीएसच्या मोठ्या चार पिनांच्या कनेक्टरमधल्या वायरी फिरवून तो १२ आणि ५ व्होल्टच्या मध्ये जोडायची, म्हणजे ७ व्होल्ट मिळायचे. २००४ च्या एलजीए ७७५ (इंटेल प्रोसेसरचं तेव्हाचं नवं सॉकेट) बोर्डांबरोबर चौथी पिन सर्वत्र झाली. १२ व्होल्ट कायम राहतात आणि चौथ्या वायरीवरून सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा चालू-बंदचा इशारा जातो. माणसाच्या कानाची मजल २० हजारांपर्यंत, म्हणून हा आकडा त्याच्या वरचा.

आता कोटेशनमधल्या त्या ‘४ नग’वर माझा मुख्य आक्षेप. स्वस्त आरजीबी पंख्यांपैकी पुष्कळांना ही चौथी पिन नसते. ते थेट एसएमपीएसला जोडले जातात आणि मशीन रिकामं असो की गेम चालू असो, एकाच वेगाने घरघरत राहतात. वीस वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न आपण दिव्यांच्या मोहापायी विकत घेतो.

खोक्यावरचा सगळ्यात दुर्लक्षित आकडा म्हणजे स्टॅटिक प्रेशर, तो एमएम एच-टू-ओ मध्ये दिलेला असतो. हा कोल्हापूरकराला समजावायला फार कष्ट पडू नयेत. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत शेडच्या भिंतीतला एक्झॉस्ट भरपूर हवा हलवतो, पण तो क्युपोलाला, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीला, लावून चालणार नाही. कोक आणि लोखंडाच्या थरातून हवा घुसवायला दाब देणारा ब्लोअरच लागतो. कॅबिनेटचंही तसंच. मागच्या मोकळ्या जाळीवर सीएफएम जास्त असलेला पंखा चालतो. डस्ट फिल्टर, रेडिएटर किंवा हीटसिंकच्या दाट पात्यांमागे मात्र दाबाचा पंखा हवा. सीएफएमचा छापील आकडा पुढे कसलाही अडथळा नसतानाचा असतो आणि दाबाचा आकडा वाट पूर्ण बंद असतानाचा. प्रत्यक्ष काम या दोहोंच्या मधे कुठेतरी चालतं.

दाब वाढवायचा तर पाती आणि चौकट यांच्यातली फट कमी करावी लागते, कारण हवा तिथूनच मागे परतते. साधं प्लास्टिक उष्णतेने आणि फिरण्याच्या ताणाने काळानुसार थोडं लांबतं, म्हणून फट फार कमी ठेवता येत नाही. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआने २०१८ च्या एनएफ-ए१२x२५ मध्ये लिक्विड क्रिस्टल पॉलिमरची पाती वापरून ही फट अर्ध्या मिलिमीटरवर आणली. पंखा उत्तम, किंमत मात्र घाम फोडणारी. आर्क्टिकच्या पी-१२ ने त्याच सुमारास दाबाचा पंखा बराच स्वस्त करून दाखवला. आपल्याकडच्या बहुतेकांना तेवढा पुरेसा आहे.

मधल्या काळात, २०१६-१७ च्या आसपास, कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला काच बसवायची फॅशन आली आणि हवेची वाटच बंद झाली. आत तीन पंखे झगमगतायत आणि हवा यायला बाजूला बोटभर फट. मग जाळीचं तोंड परत आलं. २०२१ च्या फ्रॅक्टल टॉरेंटमध्ये तर पुढे १८० मिलिमीटरचे दोन पंखे होते.

किती हवा लागते याचा अंदाज सोपा आहे. मशीन ४०० वॉट उष्णता टाकत असेल आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नसेल, तर सुमारे ७० सीएफएम हवा आरपार गेली पाहिजे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, इथली हवा पाचेक टक्के विरळ, तेवढी वाढ धरा. फिल्टर आणि जाळी हवा अडवतात, म्हणून पुढे १२० चे दोन आणि मागे एक असा संच घ्यावा. एप्रिलमध्ये खोली ३६ अंशांवर असेल, तर जगातला कुठलाही पंखा आतली हवा ३५ वर आणणार नाही. झाकण काढून टेबल फॅन लावण्याचा आपला जुना तोडगा गारवा देतो, पण धूळही थेट बोर्डावर आणून टाकतो.

आणि इथली धूळ साधी नाही. एमआयडीसीच्या बाजूला वाळू आणि लोखंडाची बारीक पूड, ऊसतोडीच्या दिवसांत जळालेल्या पाचटाची काळी राख, वर पावसाळ्यातली दमट हवा. हे सगळं हीटसिंकच्या पात्यांवर नमद्यासारखं बसतं. त्यामुळे आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवावी आणि आत घेणाऱ्या प्रत्येक पंख्यापुढे काढून धुता येणारा फिल्टर असावा. उलट केलं, तर कॅबिनेट प्रत्येक फटीतून, अगदी यूएसबीच्या भोकातूनही, धूळ ओढतं.

साफ करताना ब्लोअर मारायचा तर मशीन बंद करून, पंख्याचं पातं बोटाने धरून मारावा. मोकळा सोडला की तो ब्लोअरच्या जोराने स्वतःच्या वेगापलीकडे फिरतो, आणि मग चांगल्या पंख्याचं बेअरिंगही दुकानातल्या सर्व्हिसिंगमध्येच जातं.