सॉम आणि व्हर्दून: एक रणभूमी शेताला मिळाली, दुसरी जंगलाला

फ्रान्समधल्या पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवर ग्रॅव्हल सायकल (खडी-मातीच्या वाटांसाठीची, रुंद टायरची) घेऊन जायचा विषय निघाला, की सॉम आणि व्हर्दून ही दोन नावं सर्रास एकमेकांच्या जागी येतात. साहजिक आहे. दोन्ही लढाया १९१६ च्या, दोन्ही महिनोन्‌महिने रेंगाळलेल्या, दोन्हींतले मृत आणि जखमी लाखांत मोजावे लागणारे. पण सॉमचं आल्बेर गाव पॅरिसच्या उत्तरेला, तर व्हर्दून पूर्वेला. दोघांमध्ये सरळ रेषेत दोनशेहून जास्त किलोमीटर अंतर आहे. चाकाखाली येणारी जमीन तर पूर्णच निराळी. माझ्या मते हा सगळा फरक एका गोष्टीतून येतो: युद्धानंतर सॉमची जमीन शेतकऱ्यांनी परत मिळवली, व्हर्दूनच्या जमिनीवर मात्र सरकारने जंगल लावलं.

आधी घोळ का होतो ते पाहू, कारण या लढाया खरोखरच एकमेकींत अडकलेल्या आहेत. सॉमवर फ्रेंच आणि ब्रिटिशांनी मिळून मोठा हल्ला करायचा, असं डिसेंबर १९१५ मध्ये ठरलं होतं. त्याआधीच, २१ फेब्रुवारी १९१६ ला, जर्मनांनी व्हर्दूनवर हल्ला चढवला. फ्रेंच फौजा तिकडे ओढल्या गेल्या आणि १ जुलैला सॉमवरचा हल्ला सुरू झाला तेव्हा त्याचा मोठा भार ब्रिटिशांवर आला होता. व्हर्दूनवरचा दाब कमी व्हावा, हेही त्या हल्ल्याचं एक कारण होतं. सॉम १८ नोव्हेंबरला थांबली, व्हर्दून १८ डिसेंबरपर्यंत चालली.

व्हर्दून ही फ्रेंच आणि जर्मन यांचीच लढाई. फ्रेंच सेनापती पेतां यांनी तुकड्या आळीपाळीने आघाडीवर पाठवल्या आणि मागे घेतल्या, त्यामुळे फ्रेंच सैन्याचा बहुतांश भाग कधी ना कधी तिथून गेला. म्हणूनच हे नाव फ्रान्समधल्या घराघरांत पोचलं. सॉम ब्रिटिशांच्या मनात तशीच रुतली आहे. एकाच गल्लीतले, एकाच गिरणीतले मित्र एकत्र भरती झाले होते. पहिल्याच दिवशी ५७,४७० ब्रिटिश सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले, त्यांतले १९,२४० मृत. एकेका गल्लीवर एकाच आठवड्यात मृत्यूची बातमी देणाऱ्या किती तारा आल्या असतील, याची कल्पनाही करवत नाही.

युद्ध संपल्यावर उद्ध्वस्त पट्ट्याला सरकारने लाल क्षेत्र ठरवलं: इथे राहू नये, पिकवू नये. सॉममध्ये खडूच्या खडकावर सुपीक मातीचा थर आहे, गहू आणि शुगर बीट पिकवणारा. शेतकरी हटून परतले, खंदक बुजवले, आणि तिथलं लाल क्षेत्र आकसत गेलं. व्हर्दूनच्या टेकड्यांवरची जमीन मुळात कमी कसाची. त्यावर तोफांचा मारा इतका दाट, की ती पूर्ववत करणं परवडणारं नव्हतं. सरकारने ती विकत घेतली आणि झाडं लावली. आज ते जवळपास १०,००० हेक्टरचं जंगल आहे.

आता सायकल काढू. सॉममध्ये तुम्ही उघड्या माळावरून जाता. आल्बेरहून निघालं की ला ब्वासेल, पोझिएर, तिएपवाल अशी गावं दोन-चार किलोमीटरांवर लागत जातात, आणि त्यांना जोडणाऱ्या शेतवाटा म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवताचा पट्टा. कोरड्या दिवसांत यासारखी मजा नाही. पाऊस पडून गेला की मात्र खडूवरचा चिखल टायर आणि फोर्कच्या मध्ये थापून बसतो आणि चाक फिरेनासं होतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत जुलैमध्ये सायकल घातलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शिवाय नांगरलेल्या रानातून वाटेवर आलेले गारगोटीचे धारदार तुकडे टायर कापतात. ४० ते ४५ मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर, ताजं सीलंट (टायरचं छिद्र आतून बुजवणारा द्रव) आणि सोबत एक जादा ट्यूब, यात तडजोड करू नये.

चढ इथे नावापुरते. ज्या पोझिएरच्या उंचवट्यासाठी हजारो माणसं मेली, तो समुद्रसपाटीपासून जेमतेम १६० मीटर. सायकलवर गिअर बदलायचीही गरज पडत नाही, पण वर पोचल्यावर मागे वळून पाहिलं की कळतं: सगळं खोरं तिथून उघडं दिसतं, लपायला एक झाड नाही. नकाशात ही उंची वाचून जे उमगत नाही ते पायडल मारताना पायांना उमगतं. गाडीने येणाऱ्यांचं हे हुकतं. हिवाळ्यात नांगरट झालेल्या शेतात आणखी एक गोष्ट नीट पाहा. तपकिरी मातीत नागमोडी पांढरट रेषा उमटलेल्या असतात. खंदक खणताना वर आलेला खडू अजून नांगराच्या फाळाला लागतो, म्हणून तो खंदक शंभर वर्षांनंतरही जमिनीवर दिसतो.

त्याच नांगराला तोफगोळेही लागतात. शेतकरी ते उचलून रस्त्याच्या कडेला, विजेच्या खांबाच्या बुडाशी ठेवतात, मग बॉम्बनाशक पथक येऊन घेऊन जातं. फोटोसाठीसुद्धा त्यांना हात लावू नका. गंजलेला गोळा निकामी झालेला असतोच असं नाही.

व्हर्दूनमध्ये चित्र उलटं. म्यूझ नदीकाठचं शहर सुमारे दोनशे मीटर उंचीवर आणि दुओमाँचा किल्ला ३८८ मीटरवर, म्हणजे सुरुवातीलाच खरा चढ. वर गेलात की पाइन आणि बीच या झाडांच्या सावलीत शिरता. जंगलातले रस्ते रुंद, चुनखडीच्या खडीचे, चांगले दाबलेले, पावसातही बऱ्यापैकी टिकणारे. ४० मिलिमीटरचा टायर पुरतो. पण दोन्ही बाजूंना जमीन सपाट अशी नाहीच. खड्ड्याला खड्डा लागून, सगळीकडे शेवाळ आणि पालापाचोळा. वाट सोडून आत शिरणं धोक्याचं आहे, कारण खाली न फुटलेले गोळे आहेत. सॉममध्ये शेताच्या बांधावर टेकून डबा खाल्लात तर कोणी काही म्हणणार नाही. इथे मात्र आखलेल्या वाटेवरच राहायचं.

या जंगलात फ्लरी नावाचं गाव होतं. १९१६ च्या उन्हाळ्यात ते सोळा वेळा या हातातून त्या हातात गेलं असं सांगतात, आणि शेवटी एक भिंतही उरली नाही. आज तिथे झाडांमधून पायवाटा जातात आणि छोट्या खुणा सांगतात की इथे बेकरी होती, इथे शाळा होती. व्हर्दूनभोवतीची अशी नऊ गावं ‘फ्रान्ससाठी मृत’ म्हणून जाहीर झाली. त्यांतल्या सहा गावांत आज एकही रहिवासी नाही, तरी त्यांना अधिकृत महापौर आहेत. सायकल लावून चालत फिरा. फ्लरीला अर्धा तास पुरत नाही.

मृतांना ठेवण्याची रीतही दोन्हीकडे वेगळी. सॉममध्ये ब्रिटिश राष्ट्रकुलाची दफनभूमी बहुधा सैनिक पडले तिथेच, म्हणून ती गव्हाच्या शेताच्या मधोमधसुद्धा सापडते. तिथवर नुसती कापलेल्या गवताची पट्टी जाते, आणि सायकल इथे खरी उपयोगी पडते. भिंतीतल्या छोट्या कपाटात नोंदवही असते: नाव, तुकडी, वय, काही वेळा आईवडिलांचा पत्ता. ती उघडून वाचा. बेपत्ता झालेल्या ७२,००० हून अधिक जणांची नावं तिएपवालच्या स्मारकावर आहेत. व्हर्दूनमध्ये फ्रेंचांनी मृतांना एकत्र आणलं. दुओमाँच्या अस्थिगृहात ओळख न पटलेल्या सुमारे १,३०,००० फ्रेंच आणि जर्मन सैनिकांच्या अस्थी एकत्र आहेत, समोर सोळा हजारांवर थडगी, आणि त्यांतली मुस्लिम सैनिकांची मक्केच्या दिशेने.

भारतीय सैनिकांचा माग काढायचा तर सॉमच. १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी विसावी डेक्कन हॉर्स, भाले घेतलेले घोडेस्वार, लाँग्वाल गाव आणि हाय वूड नावाचं रान यांच्या मधल्या उभ्या पिकांतून मशिनगनवर धावून गेली. ती शेतवाट आज सायकलने सहज करता येते. हाय वूड खासगी आहे, आत जाता येत नाही, बाहेरूनच पाहावं लागतं. ताकद असेल तर आणखी उत्तरेला नव्ह शापेलपर्यंत जा. आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या (लष्करी अभियंत्यांच्या) दोन कंपन्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ ला त्या गावावर हल्ला केला आणि जबर किंमत मोजली. पश्चिम आघाडीवर बेपत्ता झालेल्या ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं तिथल्या गोल स्मारकावर कोरलेली आहेत. मराठी माणसाने फ्रान्सला येऊन हे चुकवू नये, असं मला मनापासून वाटतं.

व्हर्दूनला जायचं तर मी बार-ल-द्युकला रेल्वेने उतरून सायकल काढायला सांगेन. तिथून व्हर्दूनला जाणारा सत्तरेक किलोमीटरचा रस्ता १९१६ मध्ये लढाईची जीवनवाहिनी होता. ऐन गर्दीत दर १४ सेकंदांना एक ट्रक जाई. रस्ता खचू नये म्हणून कडेला उभे असलेले वयस्क सैनिक जवळच्या खाणींतली चुनखडीची खडी फावड्याने सतत चाकांखाली टाकत आणि ट्रकच ती दाबत पुढे जात. आता तो डांबरी आहे आणि किलोमीटरच्या दगडांवर फ्रेंच सैनिकाचं शिरस्त्राण बसवलेलं आहे. सॉमसाठी पॅरिसहून आमियाँ, तिथून आल्बेर. मोसम दोन्हीकडे मे ते सप्टेंबरचा धरावा. शरद ऋतूपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शिकार चालते. ‘शिकार सुरू आहे’ अशी पाटी दिसली की मागे फिरा, आणि जॅकेट भडक रंगाचं घाला.