शहराच्या नावात जितकी अक्षरं, तितकेच उच्चारखंड?

शहरांच्या नावांची कोडी फिरतात, त्यांत एक नियम हमखास असतो: देवनागरीत नाव लिहा, अक्षरं मोजा, तेवढेच त्याचे उच्चारखंड, म्हणजे एका झटक्यात म्हटले जाणारे तुकडे.

हा समज साहजिक आहे. संस्कृत श्लोकात शेवटचा 'अ'सुद्धा पूर्ण उच्चारला जातो, म्हणून अनुष्टुभ छंदाच्या चरणात 8 अक्षरं म्हणजे 8 खंडच. बोलत्या मराठीत मात्र शब्दाअखेरचा 'अ' बहुधा गळतो. 'लंडन' लिहिताना तीन अक्षरं, बोलताना दोनच खंड: लं-डन. 'बर्लिन'चंही तसंच, बर्-लिन. 'रोम' तर एकाच झटक्यात संपतं.

पडताळा सोपा आहे. नाव सावकाश म्हणा आणि ऐकू येणारे स्वर मोजा. प्रत्येक खंडात एकच स्वर असतो, 'ऐ', 'औ' यांसारखा जोडस्वरही एकच धरायचा. मग प्रत्यय लावून पाहा. 'लंडनला' म्हणताना लं-डन-ला असे तीनच खंड येतात, अक्षरं मात्र चार. मधला 'न' स्वराविना राहतो, हे कानालाच कळतं. लिहिलेलं डोळ्यांसमोर नसेल तर जास्तच स्पष्ट.

दुसरी अडचण अशी की संख्या भाषेनुसार बदलते. इटालियन लोक 'रोमा' म्हणतात, म्हणजे दोन खंड. प्रागला चेक भाषेत 'प्राहा' म्हणतात, तिथेही एकाचे दोन होतात. टोकियो आपल्या तोंडी तीन खंडांचं; जपानीत 'तो-क्यो' असे खंड दोनच, पण दोन्ही 'ओ' दीर्घ असल्याने मात्रा (उच्चाराच्या वेळेची मापं) चार, आणि हायकू या जपानी कवितेचं 5-7-5 हे माप या मात्रांचंच आहे. म्हणून कोडं घालताना कोणत्या भाषेतला उच्चार धरायचा, हे आधी सांगायलाच हवं.