तांत्रिक इंग्रजी प्रशिक्षणाचे परदेशी अर्थसाहाय्य

इंग्रजी मातृभाषा नसलेल्या देशांतील वैज्ञानिक, अभियंते, तंत्रज्ञ, वैमानिक, खलाशी इत्यादींना त्यांच्या कामापुरते इंग्रजी शिकविण्यासाठी दुसऱ्या देशाने, आंतरराष्ट्रीय संस्थेने किंवा खाजगी प्रतिष्ठानाने केलेला खर्च. शिक्षकांचे वेतन, प्रशिक्षणार्थींचा निर्वाहभत्ता व प्रवासखर्च, पाठ्यसाहित्याची निर्मिती आणि चाचण्या यांचा त्यात समावेश होतो. शालेय इंग्रजीला मिळणारी मदत या संज्ञेत धरत नाहीत. मात्र देणाऱ्या देशांच्या हिशेबात दोन्ही रकमा बहुधा ‘शिक्षण’, ‘तांत्रिक साहाय्य’ किंवा ‘सांस्कृतिक संबंध’ या मथळ्यांखाली एकत्रच पडतात. त्यामुळे या खर्चाची जागतिक बेरीज मांडण्याचे प्रयत्न फारसे विश्वसनीय ठरत नाहीत.

प्रशिक्षणार्थीला भाषा शिकविण्याचा खर्च उचलणे ही केवळ इंग्रजीभाषक देशांची रीत नव्हे. सोव्हिएट संघाने 1960 मध्ये मॉस्कोत स्थापन केलेल्या मैत्री विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी रशियनचे पूर्वतयारी-वर्ग होते, तर जपानमध्ये 1959 पासून परदेशी औद्योगिक प्रशिक्षणार्थींना जपानी शिकविणारी स्वतंत्र संस्था काम करू लागली. इंग्रजीचे वेगळेपण असे, की तिच्या शिक्षणावर तिसऱ्याच देशांनी व कित्येकदा शिकणाऱ्या देशांनी स्वतःही मोठ्या प्रमाणावर पैसा खर्च केला.

उगम : या प्रथेच्या प्रारंभाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो ब्रिटिश भाषातज्ज्ञ सी. के. ऑग्डेन यांच्या ‘बेसिक इंग्लिश’ या मोजक्या शब्दांच्या सुलभ इंग्रजीपर्यंत (1930) मागे नेतात. या योजनेत 850 शब्दांच्या मूळ यादीला सर्वसाधारण विज्ञानाचे 100 आणि विशिष्ट शाखेचे 50 शब्द जोडून हजार शब्दांत वैज्ञानिक लेखन करता येईल, असे गृहीत धरले होते. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी चीनमध्ये तिचा प्रसार आरंभला, त्याला 1930 नंतरच्या दशकात रॉकफेलर प्रतिष्ठानाने अर्थसाहाय्य दिले. 1937 मध्ये सुरू झालेल्या चीन-जपान युद्धाने ते काम विस्कटले. मात्र हा प्रयत्न मुख्यतः शाळांसाठी होता. विज्ञानाची शब्दसूची ही त्याची पुरवणी होती, उद्देश नव्हे. त्यामुळे त्याला पूर्वसूरी म्हणणे योग्य, प्रारंभ म्हणणे जरा ताणल्यासारखे होते.

दुसरा पक्ष लष्करी प्रशिक्षणाकडे बोट दाखवतो. अमेरिकन विमाने व शस्त्रसामग्री घेणाऱ्या देशांच्या सैनिकांना ती वापरण्यापूर्वी इंग्रजी शिकविणे भाग होते. टेक्सस राज्यातील लॅकलंड हवाई तळावर यासाठी 1954 मध्ये एक पथक उभे राहिले. पुढे त्यातूनच संरक्षण भाषा संस्थेचे इंग्रजी केंद्र विकसित झाले. तेथे सामान्य इंग्रजीनंतर शाखावार तांत्रिक इंग्रजी असा क्रम आहे, आणि प्रत्येक पुढील अभ्यासक्रमासाठी आकलन-चाचणीत वेगवेगळे किमान गुण लागतात. खर्च काही वेळा अमेरिकन अनुदानातून, काही वेळा खरेदीदार देशाच्या करारातून भागविला जातो.

तिसरे आणि पाठ्यपुस्तकांतून सर्वाधिक आढळणारे मत टॉम हचिन्सन व ॲलन वॉटर्स यांच्या 1987 मधील विवेचनावर आधारलेले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर विज्ञान-व्यापाराचा झालेला विस्तार, 1973 च्या तेलसंकटानंतर तेलसंपन्न देशांकडे वळलेला पैसा, भाषाविज्ञानातील नवे प्रवाह आणि विद्यार्थ्याच्या गरजेकडे गेलेले लक्ष, अशी कारणपरंपरा त्यात मांडली आहे. तेलसंकटाने या क्षेत्राचा आकार पालटला हे निर्विवाद असले, तरी त्याने ते निर्माण केले असे म्हणता येत नाही. दक्षिण व आग्नेय आशियाच्या विकासासाठीच्या कोलंबो योजनेखालील तांत्रिक सहकार्य 1950 पासून चालू होते आणि कंपाला येथील मकेरेरे महाविद्यालयात राष्ट्रकुल देशांची इंग्रजी-अध्यापनविषयक परिषद 1961 मध्येच भरली होती. लॅकलंडची तारीखही याच बाजूने बोलते. एकूण पुरावा पाहता पैसा आधी आला आणि सिद्धांत त्याच्यामागून आला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

भाषावैज्ञानिक बैठक : वैज्ञानिक इंग्रजी सामान्य इंग्रजीहून खरोखर वेगळे असते काय, हा प्रश्न अनुदानाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा होता. ते वेगळे नसेल तर स्वतंत्र खर्चाला आधार उरत नाही. सी. एल. बार्बर यांनी 1962 मध्ये तीन वैज्ञानिक मजकुरांची गणती करून क्रियापदांमध्ये साध्या वर्तमानकाळाचे प्राबल्य आणि कर्मणी प्रयोगाचे लक्षणीय प्रमाण दाखविले. तीन मजकूर हा पाया तोकडा होता. तरीही पुढील दशकभर हेच निष्कर्ष उद्‌धृत होत राहिले. एम. ए. के. हॅलिडे, ॲंगस मॅकिंटॉश व पीटर स्ट्रेव्हन्स यांनी 1964 मध्ये व्यवसायपरत्वे भाषेच्या नमुन्यांचे सविस्तर संशोधन व्हावे, असा आग्रह धरला. चिलीच्या विद्यापीठात काम करणाऱ्या जॅक ईवर यांनी प्रचलित पाठ्यपुस्तके तपासून विज्ञानात सतत लागणारी रूपे, उदा., संयुक्त नामे, संकेतार्थी वाक्ये व कर्मणी रचना, त्यांत अपुरी असल्याचे दाखवून दिले. लातोर्रे यांच्यासह त्यांनी तयार केलेला पाठ्यक्रम 1969 मध्ये प्रसिद्ध झाला.

गणतीवर आधारलेल्या या पद्धतीला सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील लुई ट्रिंबल, लॅरी सेलिंकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळे वळण दिले. एखादे रूप किती वेळा येते यापेक्षा ते कशासाठी येते, हा त्यांचा प्रश्न होता. कर्मणी प्रयोगाचे उदाहरण बोधक आहे. एलेन टॅरोन व सहकाऱ्यांनी 1981 मध्ये खगोलभौतिकीतील दोन शोधनिबंध तपासले. रुळलेली कार्यपद्धती सांगताना लेखक कर्मणी रूप वापरतात, तर स्वतः केलेली निवड सांगताना ‘आम्ही’ हा कर्ता पुढे आणतात, असे त्यांत आढळले. ‘वैज्ञानिक लेखन म्हणजे कर्मणी प्रयोग’ हा वर्गातला सोपा नियम यामुळे डळमळला. जॉन स्वेल्स यांनी त्याच वर्षी 48 शोधनिबंधांच्या प्रस्तावनांचे विश्लेषण करून त्यांत चार टप्प्यांची रचना दाखविली; 1990 मध्ये त्यांनी ती तीन टप्प्यांची केली : क्षेत्राचे महत्त्व सांगणे, त्यातील उणीव दाखविणे आणि ती भरून काढणे. परदेशी संशोधकांच्या लेखनवर्गांत आजही ही मांडणी सर्रास वापरली जाते. स्वेल्स यांची आरंभीची अनेक वर्षे लिबिया व सूदान येथील विद्यापीठांत गेली होती, हे येथे नोंदविण्याजोगे आहे. या शाखेचे बरेचसे संशोधन प्रशिक्षण-प्रकल्पांच्या वर्गांतच घडले.

अर्थसाहाय्याच्या रीती : सर्वांत जुनी रीत तज्ज्ञ पाठविण्याची. ब्रिटनमध्ये 1934 मध्ये स्थापन झालेली ब्रिटिश कौन्सिल आणि 1964 पासूनचे परदेश विकास मंत्रालय यांनी ठराविक मुदतीसाठी इंग्रजीचे तज्ज्ञ परदेशी विद्यापीठांत नेमले. वेतनाचा मोठा वाटा ब्रिटनचा व निवास-सोयी यजमान संस्थेच्या, अशी सामान्यतः वाटणी असे. अमेरिकेत सरकारी यंत्रणांच्या जोडीला फोर्ड प्रतिष्ठान पुढे होते. वॉशिंग्टन येथील उपयोजित भाषाविज्ञान केंद्र (1959) त्याच्याच निधीतून उभे राहिले.

मलायाच्या विद्यापीठात अध्यापनाचे माध्यम मलाय झाल्यावर विद्यार्थ्यांपुढे एक पेच आला : व्याख्याने मलायमध्ये, पण संदर्भग्रंथ इंग्रजीत. त्यावर 1970 नंतरच्या दशकात ब्रिटिश मदतीने वाचनकेंद्री प्रकल्प हाती घेण्यात आला. इराणमधील तब्रीझ विद्यापीठातील कामातून मार्टिन बेट्‌स व टोनी डडली-एव्हन्स यांची विज्ञानशाखावार पुस्तकमाला निघाली. जेद्दा येथील राजे अब्दुलअझीझ विद्यापीठाच्या इंग्रजी केंद्रात मात्र वेगळा व्यवहार होता. तेथे खर्च यजमानांचा आणि व्यवस्थापन ब्रिटिश कौन्सिलकडे होते. तेलाच्या पैशाने मदतीचे रूपांतर करारात केले, ते असे. करारात मुदत, तासिका व उत्तीर्णांची अपेक्षा लिखित असल्याने अभ्यासक्रमही मोजता येण्याजोग्या उद्दिष्टांत मांडला जाऊ लागला; जॉन मनबी यांची 1978 मधील गरजविश्लेषणाची, म्हणजे शिकणाऱ्याला इंग्रजी नेमके कशासाठी लागते हे ठरविण्याची, अतिशय तपशीलवार पद्धती याच वातावरणात लोकप्रिय झाली, आणि वापरायला अवजड म्हणून लवकरच मागेही पडली.

ब्राझीलचा प्रकल्प या सर्वांत अधिक टिकाऊ मानला जातो. साऊँ पाउलू येथील कॅथलिक विद्यापीठात मारिया आंतोनिएता सेलानी यांच्या नेतृत्वाखाली 1980 च्या सुमारास तो सुरू झाला. संघीय विद्यापीठांतील व पुढे तंत्रशाळांतील शिक्षकांना तयार करणे हा त्याचा गाभा होता. ब्रिटिश तज्ज्ञ मोजकेच होते. विद्यार्थ्यांची गरज मुख्यतः तांत्रिक मजकूर वाचण्याची असल्याचे पाहणीत दिसल्यामुळे संभाषण बाजूला ठेवले गेले आणि वर्गात पोर्तुगीज वापरण्यास मुभा दिली गेली. देशभरासाठी एकच पाठ्यपुस्तक काढण्याचे टाळून शिक्षकांनी आपापले पाठ लिहावेत, असे धोरण ठेवले. साधनकेंद्र व नियतकालिकही विद्यापीठातच राहिले. परदेशी निधी 1990 च्या सुमारास आटल्यावरही काम चालू राहिले, याचे श्रेय अभ्यासक बहुधा या रचनेला देतात.

चीनमध्ये 1978 नंतर संशोधकांना परदेशी पाठविण्याचे धोरण आले. त्यांच्या पूर्वतयारीसाठी ग्वांगझू येथील झोंगशान विद्यापीठात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेलिस शाखेच्या सहकार्याने 1980 मध्ये इंग्रजी केंद्र सुरू झाले. चीनला जागतिक बँकेकडून मिळालेले पहिले कर्ज (1981) विद्यापीठांच्या विकासासाठीच होते. प्रकल्पाची एकूण मदत 20 कोटी डॉलर होती. उपकरणांबरोबरच अध्यापकांचे परदेशी प्रशिक्षण हा त्यातील एक प्रमुख भाग होता. येथे अनुदानाची जागा परतफेडीच्या कर्जाने घेतली, हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

भारत या व्यवहारात दोन्ही बाजूंना आढळतो. हैदराबादची केंद्रीय इंग्रजी संस्था (1958) फोर्ड प्रतिष्ठान व ब्रिटिश कौन्सिल यांच्या साहाय्याने उभी राहिली. तिच्यातूनच विकसित झालेले इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ आता भारतीय तांत्रिक व आर्थिक सहकार्य कार्यक्रमाखाली (1964) परदेशी कर्मचाऱ्यांना इंग्रजी शिकविते. विमानभाडे, निवास, शुल्क व निर्वाहभत्ता भारत सरकार देते. कंबोडिया, लाओस, म्यानमार व व्हिएटनाम येथे इंग्रजी प्रशिक्षण केंद्रे स्थापण्यासही भारताने मदत केली आहे.

चाचण्या : शिष्यवृत्तीचा पैसा वाया जाऊ नये म्हणून निवडीआधी इंग्रजी तपासणे आले. ब्रिटिश कौन्सिल 1965 पासून ॲलन डेव्हिस यांची चाचणी वापरीत होती. तिच्याऐवजी 1980 मध्ये आलेल्या परीक्षेत जीवविज्ञाने, भौतिक विज्ञाने, तंत्रविद्या, वैद्यक, सामाजिक शास्त्रे आणि सर्वसामान्य अध्ययन असे विषयवार विभाग होते. 1989 मध्ये तिचे आयईएल्‌टीएस या आंतरराष्ट्रीय इंग्रजी चाचणीत रूपांतर होताना शैक्षणिक विभाग तीनवर आले आणि 1995 मध्ये विषयवार वाचन-लेखन रद्दच झाले. स्वतःच्या विषयातील मजकूर उमेदवाराला दर वेळी सोपा जातोच असे नाही, मजकूर अतिविशिष्ट असेल तरच फरक ठळक होतो, असे कॅरोलाइन क्लॅपम यांच्या संशोधनातून पुढे आले. तांत्रिक इंग्रजी वेगळे शिकवावे पण वेगळे तपासू नये, अशी काहीशी चमत्कारिक स्थिती त्यामुळे निर्माण झाली. ती आजही कायम आहे.

नियमांतून आलेला खर्च : नागरी विमानवाहतुकीत 12 नोव्हेंबर 1996 रोजी चरखी दादरी येथे दोन विमानांची टक्कर होऊन 349 जण मृत्युमुखी पडले. भाषेतील अडचण हा त्यातील एक घटक मानला गेला. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने 2003 मध्ये सहा पातळ्यांचा भाषाक्षमता-निकष स्वीकारला. वैमानिक व हवाई वाहतूक नियंत्रकांना किमान चौथी पातळी आवश्यक झाली. निकष मार्च 2008 पासून लागू झाला, परंतु तयारी अपुरी असलेल्या देशांना 2011 पर्यंत सवलत मिळाली. चौथ्या पातळीवरील व्यक्तीची फेरचाचणी साधारणतः तीन वर्षांनी होत असल्याने हा खर्च एकदाच संपत नाही. सागरी क्षेत्रात 2001 मध्ये प्रमाणित संदेश-वाक्प्रयोग स्वीकारले गेले. खाजगी कंपन्या आपल्या कामगारांच्या इंग्रजीवर करीत असलेला खर्च सहसा प्रसिद्ध होत नाही.

टीका व अलीकडील स्थिती : रॉबर्ट फिलिप्सन यांनी 1992 मध्ये अशा मदतीकडे भाषिक साम्राज्यवादाचे साधन म्हणून पाहिले. मकेरेरे परिषदेची गृहीतके त्यांच्या टीकेचे मुख्य लक्ष्य होती. इंग्रजी स्वीकारणाऱ्यांची स्वतःची इच्छा व निर्णयक्षमता या विवेचनात झाकोळते, असा आक्षेप घेणाऱ्यांत पूर्वोक्त चाचणीकार डेव्हिस होते. ब्राझीलचा अनुभव पाहता आक्षेपात तथ्य दिसते. लष्करी करारांच्या बाबतीत मात्र फिलिप्सन यांचे म्हणणे खोडणे कठीण आहे.

सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर तेथील शस्त्रास्त्र-संशोधकांना नागरी कामाकडे वळविण्यासाठी मॉस्कोत आंतरराष्ट्रीय विज्ञान व तंत्रविद्या केंद्र (करार 1992, कार्यारंभ 1994) आणि अमेरिकेत नागरी संशोधन व विकास प्रतिष्ठान (1995) स्थापन झाले. इंग्रजीत प्रकल्प-प्रस्ताव व अहवाल लिहिणे हे कौशल्य त्यामुळे थेट उपजीविकेशी जोडले गेले. 2007 मध्ये आरंभलेल्या ‘ऑथरएड’ उपक्रमाला स्वीडन व ब्रिटन यांच्या विकास-निधीतून मदत मिळाली; अनुभवी संशोधकांचे मार्गदर्शन आणि शोधनिबंध-लेखनाचे विनाशुल्क ऑनलाइन वर्ग हे त्याचे स्वरूप आहे. ब्रिटनचे विकास खाते 2020 मध्ये परराष्ट्र खात्यात विलीन झाले आणि अमेरिकेची विकास-मदत संस्था 2025 मध्ये बंद करण्यात आली. या दोन्ही घडामोडींनंतर लांब मुदतीचे, तज्ज्ञ पाठविण्यावर आधारलेले प्रकल्प आणखी विरळ झाले आहेत.