देवळालीचे बंगले विलायतेहून नाही आले हो

नाशिकला कुणी पाहुणे आले की आमचे काका त्यांना देवळाली कॅम्पात, म्हणजे इंग्रजांच्या वेळच्या लष्करी छावणीत, फिरवतात आणि हमखास सांगतात, हे बंगले म्हणजे अस्सल विलायती डिझाईन, आणि साहेब लोक उंच म्हणून छतं पण उंच. लहानपणापासून ऐकतोय, आता राहवत नाही म्हणून लिहितोच.

अहो, 'बंगला' हा शब्दच बंगालवरून आलाय. तिकडच्या गावातली उतरत्या छपराची, पडवीची बैठी घरं ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी पाहिली, त्यावरूनच आपली घरं बांधायला लागले, मग व्हरांडा रुंद केला, खांब लावले वगैरे. उलट इंग्लंडमध्ये पहिले बंगले म्हणतात ते समुद्रकाठी उभे राहिले १८६९ च्या सुमारास, म्हणजे गंमत बघा, माल इथून तिकडे गेलाय.

ह्या बंगल्यांवरच्या कौलांचंही तेच, ती पण इथलीच. जुनं कौल उतरवलं तर पालथं करून बघा, बऱ्याचदा कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. ही मंगलोरी कौलं, बासेल मिशन ह्या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेने मंगळूरला १८६५ मध्ये कारखाना काढला तेव्हापासूनची.

आणि उंची? एप्रिलच्या दुपारी आत जाऊन उभे राहा. गरम हवा वर चढते आणि छताजवळच्या झडपांमधून बाहेर पडते, त्या झडपा खालून दोरीने उघडायच्या. आता लोक एसी लावताना ह्याच झडपा आधी बुजवतात आणि मग म्हणतात जुनं घर फार तापतं! साहेबाच्या उंचीचा काय संबंध, काका मात्र अजून ऐकत नाहीत.