पीतबिंदू आणि उतारवयातील दृष्टी

पीतबिंदू : डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध असलेला, साधारण साडेपाच मिलिमीटर व्यासाचा पिवळसर भाग. दवाखान्यात याला मॅक्युलाच म्हणतात. वाचणे, सुईत दोरा ओवणे, चेहरा ओळखणे ही बारीक नजरेची कामे एवढ्याशा जागेवर चालतात. त्याचा पिवळेपणा ल्युटिन आणि झिअ‍ॅक्सँथिन या रंगद्रव्यांचा. ती शरीरात तयार होत नाहीत, अन्नातूनच यावी लागतात.

पडद्यातील प्रकाशग्राही पेशी आपली जीर्ण टोके रोज टाकून देतात आणि त्यांच्या मागचा रंजकपेशींचा थर ती पचवतो. वय वाढते तशी ही साफसफाई मागे पडते आणि थराखाली ड्रुझेन नावाचे पिवळट ठिपके साचतात. पन्नाशीनंतर दिसणाऱ्या पीतबिंदूच्या या ऱ्हासाला एएमडी (एज-रिलेटेड मॅक्युलर डिजनरेशन) म्हणतात. त्याचा कोरडा प्रकार बहुसंख्य रुग्णांत आढळतो व संथ असतो. ओला प्रकार साधारण १० ते १५ टक्के रुग्णांतच होतो, पण त्यात पडद्याखाली नव्या, गळक्या रक्तवाहिन्या फुटतात आणि नजर काही आठवड्यांतच जाऊ शकते.

घरात मात्र याला सर्रास ‘मोतीबिंदू असेल, पिकला की काढू’ असे म्हटले जाते. हा गैरसमज महाग पडतो. मोतीबिंदूत सगळेच धूसर होते. पीतबिंदूच्या विकारात कडा शाबूत राहून मधलाच भाग जातो : समोरच्याचे कान दिसतात, नाक-डोळे दिसत नाहीत. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, त्यामुळे बिघाड लक्षातच येत नाही. म्हणून एक डोळा झाकून पाहण्याला महत्त्व आहे. स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क अ‍ॅम्सलर यांनी यासाठी १० सेंटिमीटरची चौकोनी जाळी रूढ केली. तिच्यात ५ मिलिमीटरचे ४०० चौकोन आणि मध्ये एक ठिपका असतो. वाचायचा चष्मा लावून, जाळी हातभर अंतराच्या थोडी आत धरून, एकेका डोळ्याने ठिपक्याकडे पाहायचे. रेघा वाकड्या, तुटक किंवा पुसट दिसल्या तर पडद्याच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जावे. जाळी हाताशी नसेल तर स्वयंपाकघरातल्या टाइल्सच्या सांधरेघा किंवा खिडकीचे गजही इशारा देतात.

आटोक्यात ठेवता येण्याजोगा सर्वांत मोठा धोका धूम्रपानाचा. वय आणि आनुवंशिकता हातात नसतात. रक्तदाब सांभाळावा. मेथी, पालक, मका, अंड्याचा बलक यांतून ती पिवळी रंगद्रव्ये मिळतात. ती स्निग्धात विरघळत असल्याने पालेभाजी तेलाच्या फोडणीची असलेलीच बरी. गाजराची ख्याती इथे फारशी लागू पडत नाही. त्यातले अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य रातांधळेपणाच्या कामाचे.

गोळ्यांबाबत अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या ‘एरेड्स’ चाचण्या प्रमाण मानल्या जातात. २००१ मध्ये असे दिसले की क आणि ई जीवनसत्त्वे, बीटा कॅरोटीन, जस्त व तांबे यांच्या मिश्रणाने मध्यम टप्प्यातला विकार पुढे सरकण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी घटतो. २०१३ च्या दुसऱ्या चाचणीनंतर बीटा कॅरोटीनच्या जागी १० मिलिग्रॅम ल्युटिन व २ मिलिग्रॅम झिअ‍ॅक्सँथिन आले, कारण बीटा कॅरोटीनमुळे धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. निरोगी डोळ्यांच्या माणसाने या गोळ्या घेतल्याने विकार टळतो, असे मात्र सिद्ध झालेले नाही. औषधाच्या दुकानातून स्वतःहून आणण्याची ही वस्तू नव्हे. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांचा प्रचार तर पुराव्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

ओल्या प्रकारावर डोळ्यात इंजेक्शन देतात. ऐकूनच पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात थेंबांनी डोळा बधिर करून, आयोडीनने स्वच्छ करून, बुबुळापासून साडेतीन-चार मिलिमीटरवर पांढऱ्या भागातून बारीक सुई काही सेकंदच जाते. या इंजेक्शनातले रॅनिबिझुमॅब हे औषध २००६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. मूळचे कर्करोगावरचे, बरेच स्वस्त बेव्हॅसिझुमॅबही तितकेच काम देते, असे २०११ च्या तुलनात्मक चाचणीत दिसले. सुरुवातीला दर महिन्याला, मग गरजेप्रमाणे इंजेक्शन द्यावे लागते. ‘आता बरे दिसते’ म्हणून मध्येच सोडले की गळती पुन्हा सुरू होऊ शकते.

मधली नजर गेलेल्या काही वृद्धांना नसलेली माणसे, नक्षी, पक्षी दिसू लागतात. स्विस निसर्गअभ्यासक शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या अशा भासांची नोंद केली आणि बोने यांचेच नाव या लक्षणाला मिळाले. हे वेड नव्हे, बाधाही नव्हे. डोळ्याकडून येणारे चित्र अपुरे पडले की मेंदू आपल्याकडचे घालतो. दिसते ते खरे नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. लोक काय म्हणतील या धास्तीने ते घरातही बोलत नाहीत.