पट्टी सतत वर सरकते तेव्हा

"इतकी हुशार, शिस्तीची मुलगी, आणि साधं जेवायचं कळत नाही?" अ‍ॅनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याचा मानसिक आजार) झालेल्या मुलीबद्दल हे हमखास ऐकू येतं. (मुलांनाही हा आजार होतो.) खरं तर तिची शिस्तच आजाराने कामाला लावलेली असते.

2002 साली रॉझ शाफ्रन, झाफ्रा कूपर आणि ख्रिस्तोफर फेअरबर्न या संशोधकांनी परफेक्शनिझमचं, म्हणजे सगळं अचूकच हवं या अट्टहासाचं, चक्र नेमकं मांडलं. स्वतःची किंमत फक्त कामगिरीवर ठरते. उद्दिष्ट हुकलं, की 'मी नालायक'. आणि गाठलं, तर 'ते सोपंच होतं' म्हणून अपेक्षेची पट्टी आणखी वर. समाधान कुठल्याच वाटेने येत नाही. त्यात वजनकाटा रोज आकडा देतो, तोही दशांशात! एक बिस्किट जास्त खाल्लं, तर 'दिवस वाया गेला' म्हणून काही जण भराभर खात सुटतात, मग उलटी काढतात आणि दुसऱ्या दिवशी नियम आणखी कडक करतात.

उपचारात मात्र आधी अन्न, मग विचार. अमेरिकेत मिनेसोटा येथे 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तेव्हा त्यांच्या डोक्यातही सतत अन्नच घोळू लागलं. म्हणजे 'हट्टी स्वभाव' वाटतो त्यातला बराच भाग उपासमारीचा असतो. वजन फार घटलं असेल, तर डॉक्टरांची देखरेख हवीच. एकदम खाणं वाढवल्यास रक्तातलं फॉस्फेट घसरून हृदयाला धोका होतो. आठवड्याभरात आत्मविश्वास मिळवून देणाऱ्या कोर्सचा इथे काडीचा उपयोग नाही.

कुटुंबाधारित उपचारात सुरुवातीला जेवणाची सूत्रं आईवडील हाती घेतात आणि टप्प्याटप्प्याने मुलीकडे परत देतात. व्यक्तिगत उपचारात रोज तीन जेवणं, दोन-तीन वेळा मधलं खाणं, चार तासांहून मोठा खंड नाही. वजन आठवड्यातून एकदाच, थेरपिस्टसमोर.

मग येतात प्रयोग. आधी भाकीत लिहायचं: 'गृहपाठ एकदाच तपासून दिला, तर शिक्षक मला निष्काळजी समजतील, खात्री 90 टक्के.' तसाच द्यायचा आणि खरोखर काय झालं ते शेजारी लिहायचं. पुढे हेच ताटावर: दुसऱ्याने वाढलेलं, न मोजता खायचं.

गाडी अडते ती नोंदवहीत, म्हणजे काय खाल्लं आणि तेव्हा काय वाटलं ते लिहायच्या वहीत. मुली ती रात्री सुवाच्य अक्षरात फेअर करतात. तोवर जेवतानाची भीती आठवणीतून गाळली जाते आणि थेरपिस्टच्या हाती नुसती पदार्थांची यादी येते. म्हणून नोंद जेवतानाच करायची, खाडाखोड झाली तरी पान फाडायचं नाही.