फॅमिली डॉक्टरांचे एकात्मिक मनोआरोग्य प्रशिक्षण

मधुमेह-रक्तदाबाच्या बरोबरीने नैराश्य, चिंता, निद्रानाश व व्यसन यांवरही फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातच उपचार व्हावेत, म्हणून दिले जाणारे प्रशिक्षण. अमेरिकी डॉक्टर जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्ये मांडलेला जैव-मनो-सामाजिक दृष्टिकोन, म्हणजे आजारात शरीर, मन आणि भोवतालची माणसे तिन्ही पाहणे, हा त्याचा पाया. कामाची घडी मात्र वॉशिंग्टन विद्यापीठातल्या सहयोगी उपचारपद्धतीने बसवली. तीत डॉक्टर, पाठपुरावा करणारा समुपदेशक आणि दर आठवड्याला रुग्णयादी पाहून सल्ला देणारा मानसोपचारतज्ज्ञ असे तिघे असतात. चर्चा मुख्यतः उतार न पडलेल्या रुग्णांची होते.

वडोदऱ्यातल्या प्रशिक्षणात पहिला धडा भाषेचा. दांडिया बाजारातल्या मराठी काकूसुद्धा दवाखान्यात गुजराती शब्द वापरून ‘गभरामण होते’ (जीव घाबरतो) म्हणतात, आजोबांचा ‘गॅस वर चढतो’. ‘उदास वाटतं’ असे आपणहून सांगणारे थोडेच. गभरामण हृदयविकाराचीही असू शकते. म्हणून ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड व साखर आधी पाहायची. मग सोबतच्या मुलाला-सुनेला बाहेर बसवून बोलायचे. हे जमायलाच वेळ लागतो.

‘पीएचक्यू’ या नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीचे पहिले दोन प्रश्न सर्वांना विचारतात. ६ पैकी ३ किंवा अधिक गुण आले, तर पूर्ण ९ प्रश्न. कमाल गुण २७. १० पासून पुढे उपचाराचा विचार. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. कागद कंपाउंडरकडून भरून घेतला, की नेमका तोच न वाचता फाइलमध्ये जातो. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. उत्तर होकारार्थी असेल तर बेत, साधन आणि आधीचा प्रयत्न विचारायचा, रुग्णाला एकटे सोडायचे नाही. टेली-मानस या सरकारी मनोआरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक नातेवाइकांनाही द्यायचा; पण तातडीची वेळ असेल तर सयाजी रुग्णालय गाठायचे.

औषधांत दोन चुका नेहमीच्या. एक, अल्प्राझोलाम ही चिंता शमवणारी गोळी महिनोन्‌महिने चालू ठेवणे. त्याची सवय लागते. दुसरी, एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी देताना पुढचे न सांगणे. साधारणतः ५ मिलिग्रॅमने सुरुवात, आठवड्याने १०. मळमळ आधी येते, गुण दोन ते चार आठवड्यांनी. हे ठाऊक नसलेला रुग्ण चौथ्या दिवशी गोळी सोडतो. झोप नसतानाही अंगात उत्साह मावत नव्हता असे दिवस पूर्वी आले होते का, हे विचारल्याशिवाय गोळी लिहू नये: द्विध्रुवी विकारात (ज्यात नैराश्य आणि उन्माद आलटून-पालटून येतात) तिने उन्माद भडकू शकतो. वृद्धांत या गोळीने रक्तातले सोडियम घटू शकते, म्हणून ते तपासावे, विशेषतः रक्तदाबासाठी थायाझाइड (लघवी वाढवणारे औषध) चालू असेल तर. बरे वाटल्यावरही किमान सहा महिने औषध चालू.

शिकवणे व्याख्यानांपेक्षा खोलीत बसून जास्त होते: शिक्षक कोपऱ्यात, रुग्णाच्या संमतीने, आणि नंतर त्याच पंधरा मिनिटांची चिरफाड. नवशिका बहुधा रुग्ण गप्प झाला की लगेच सल्ला देऊ लागतो. समुपदेशकाकडे चिठ्ठी देऊन धाडलेला रुग्ण बऱ्याचदा पोचतच नाही. डॉक्टरांनी उठून ‘काकू, ह्या आमच्याच ताई’ अशी तिथल्या तिथे ओळख करून द्यायची असते.